नळ्यांनी राखलेली जागा

२०१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या रॅलीची तालीम चालू होती. मोझेल नदीकाठच्या उतारांवर द्राक्षमळे आणि त्यांच्यामधून जाणारे अरुंद रस्ते, असा तो मुलूख. बेल्जियमचा तिएरी नूव्हिल आणि त्याचा सहचालक निकोला जिल्सूल यांची ह्युंदाई आय-ट्वेंटी रस्ता सोडून मळ्यात शिरली आणि कोलांट्या खात उतारावरून खाली गेली. बाहेरच्या पत्र्याची पार दशा झाली, पण आतले दोघं धडधाकट बाहेर आले. मेकॅनिकांनी सुमारे १८ तास राबून गाडी पुन्हा उभी केली आणि रविवारी त्याच गाडीनं ती रॅली जिंकली. जागतिक रॅली मालिकेतला ह्युंदाईचा तो पहिला विजय.

वर्तमानपत्रांत विजयाचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण मला थक्क करते ती आतली जागा. गाडी बाहेरून चेचली जात होती, तेव्हा दोन माणसं बसतील एवढी पोकळी आत शाबूत राहिली. ती राखली पोकळ पोलादी नळ्यांच्या सांगाड्यानं. याला रोल केज म्हणतात. रॅलीच्या गाडीत तो असतोच. पण कारखान्यातून रस्त्यासाठी बाहेर पडलेली, दोन माणसांची, चपळ, हौसेची गाडी घेऊन तिच्यात हा सांगाडा बसवायचा ठरवलं तर नेमकं काय काय घडतं, हे एकदा बारकाईनं पाहण्यासारखं आहे. वरवर पाहता काम सोपं वाटतं: नळ्या वाकवा, जोडा, झालं. आत शिरल्यावर कळतं की हा सांगाडा गाडीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलायला लावतो.

उदाहरणासाठी माझदा मियाटा घेऊ. आपल्याकडे ही गाडी अधिकृतपणे विकली जात नाही, पण केज बसवण्याचा विषय निघाला की अमेरिकेत हिचं नाव हमखास येतं. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, वजन एक टनाच्या आसपास, मागच्या चाकांना जोर आणि वर घडी होणारं कापडी छप्पर. तिच्याच जुन्या गाड्यांची ‘स्पेक मियाटा’ ही शर्यत अमेरिकेत वर्षानुवर्षं लोकप्रिय आहे. सगळ्यांना जवळपास सारखीच गाडी, त्यामुळे कस लागतो तो चालवणाऱ्याचा. या शर्यतीत उतरायचं तर केज हवाच.

आणि या गाडीला त्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. नेहमीच्या गाडीचं छप्पर किती भार सोसेल याचा अमेरिकेत सरकारी नियम आहे. पूर्वी गाडीच्या वजनाच्या दीडपट भार छपराच्या एका कडेवर दिला जाई. २००९ मध्ये नियम कडक झाला आणि हलक्या गाड्यांसाठी ही मर्यादा वजनाच्या तिप्पट झाली. पण उघड्या छपराच्या गाड्यांना हा नियम लागूच नाही. जिथं छप्परच कापडाचं, तिथं दाबून काय पाहणार? उलटलेल्या मियाटात डोक्यावर असते ती समोरच्या काचेची चौकट, आणि ती काच धरण्यासाठी बनवलेली आहे.

आता केजकडून अपेक्षा किती असते ते पाहा. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, यांच्या नियमांत चाचणीचं सूत्र दिलेलं आहे. गाडीच्या वजनात १५० किलो मिळवायचे, त्याला साडेसातनं गुणायचं आणि तेवढा भार चालकाच्या पाठीमागच्या मुख्य कमानीच्या माथ्यावर उभा द्यायचा. एक टनाच्या गाडीसाठी हा भार सुमारे पावणेनऊ टन होतो. एवढ्या भारानंतर नळी तुटता कामा नये आणि कायमची वाकली तर ५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे चार बोटांपेक्षाही कमी. पुढच्या कमानीसाठी गुणक साडेतीनचा आणि सवलत १०० मिलिमीटरची.

हे सगळं पेलणारी नळी हातात घेऊन पाहिली तर विश्वास बसत नाही. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि दोन मिलिमीटर जाडीची नळी चालते. बाकीच्या भागांना ३८ किंवा ४० मिलिमीटरची. स्पेक मियाटात सर्रास दिसणारी नळी दीड इंच व्यासाची असते आणि तिची भिंत असते ०.०९५ इंच, म्हणजे २.४ मिलिमीटर. तिचं वजन मीटरमागे दोन किलोच्या थोडं वर भरतं. एका केजला अशी वीस मीटर नळी लागली असं धरलं, तर सगळा सांगाडा बेचाळीस-त्रेचाळीस किलोंचा. शाळकरी मुलाच्या वजनाइतकं पोलाद, आणि त्याच्याकडून अपेक्षा टनांची.

यामागचं पहिलं रहस्य पोकळपणात आहे. ४५ मिलिमीटरची ती नळी वितळवून तेवढ्याच पोलादाचा भरीव गज केला, तर तो साधारण साडेवीस मिलिमीटर जाडीचा होईल. वजन तेच, धातू तोच. पण वाकायला नळी त्या गजापेक्षा साडेआठ पट जास्त विरोध करते. कारण वाकताना धातूच्या मधल्या भागाला फारसं काम नसतं; एका बाजूला ताण येतो, दुसऱ्या बाजूला दाब येतो, आणि मध्यापासून जितकं दूर पोलाद तितका त्याचा उपयोग जास्त. मधलं काढून कडेला नेलं की झालं. मी हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा साडेआठचा आकडा पुन्हा तपासून पाहिला, इतका तो मोठा वाटला.

दुसरं रहस्य त्रिकोणात आहे. आइस्क्रीमच्या चार काड्या टोकांना टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर बोट दाबा. चौकोन लगेच कलंडतो. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी काडी, म्हणजे कर्ण, बसवा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि कलंडणं थांबलं. त्रिकोणाचा आकार बदलायचा तर त्याची एखादी बाजू लांब किंवा आखूड व्हावी लागते, आणि पोलादी नळीला लांबीच्या दिशेनं ताणणं हे तिला मधोमध वाकवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम. म्हणून चांगल्या केजचा फोटो पाहताना नळ्या मोजू नयेत, त्रिकोण शोधावेत. जिथं नळी दुसऱ्या एखाद्या नळीच्या मधोमध येऊन टेकली आहे आणि तिथं आधाराला तिसरी नाही, तिथं केज कच्चा आहे.

सांगाड्याची रचना या दोन गोष्टींतून उलगडत जाते. चालकाच्या पाठीमागे एक मोठी उलटी ‘यू’ आकाराची मुख्य कमान. ती अखंड एकाच नळीची हवी, मध्ये जोड नको. तिला मागून दोन टेकू, सरळ, उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करून मागच्या चाकांच्या बाजूला गेलेले. कमानीच्या आत कर्ण. समोर काचेच्या खांबांलगत उतरणारी पुढची कमान, किंवा दोन्ही बाजूंनी मागून पुढे येणाऱ्या नळ्या. दारांमध्ये आडव्या किंवा एकमेकींना छेदणाऱ्या नळ्या. छपराखाली पुन्हा कर्ण. चालकाच्या पाठीमागची आडवी नळी पट्टे बांधण्यासाठी. सांगाडा माणसाभोवती पूर्ण झाला की तो गाडीच्या हाडांत रुतलेला असतो.

हाडं म्हटलं खरं, पण मियाटाच्या तळाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपासचा. त्यावर नळीचं टोक नुसतं टेकवून वेल्डिंग केलं तर काय होईल? ४५ मिलिमीटरच्या नळीच्या काठाचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ३.३ चौरस सेंटीमीटर. उलटलेल्या गाडीचा सगळा भार एवढ्याशा कड्यातून पत्र्यावर आला की नळी पत्रा फाडून खाली जाणार, आणि वरची कमान कितीही भक्कम असली तरी डोक्यावर उतरणार. म्हणून नियम सांगतो: मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान तीन मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटीमीटरची प्लेट हवी. भार पसरतो छत्तीसपट जागेवर. त्यातही हुशार कारागीर ही प्लेट सपाट तळावर ठेवत नाही. दाराखालच्या उंबऱ्याच्या पेटीवर, जिथं दोन-तीन पत्रे एकत्र येतात, तिथं ती वाकवून चढवतो. तळ आणि उंबरा, दोन्ही एकदम धरले जातात.

गॅरेजातलं काम सुरू होतं ते मात्र नळीपासून नव्हे, उचकटण्यापासून. सीट, गालिचा, डॅशबोर्ड, दारांची आतली कातडी, सगळं बाहेर. बॅटरी आणि इंजिनाचा संगणक सोडवायचा, कारण वेल्डिंगचा प्रवाह चुकीच्या वाटेनं गेला तर त्याची राख होते. काचांवर आगरोधक चादरी घालायच्या. वेल्डिंगची एक ठिणगी काचेवर पडली की तिथं कायमचा काळा ठिपका बसतो. तळावर आवाज दाबण्यासाठी कारखान्यात चिकटवलेले डांबरासारखे थर असतात. ते खरवडून निघत नाहीत आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं पेट घेतात. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. त्या थरावर कोरडा बर्फ, म्हणजे उणे ७८ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड, पसरून ठेवायचा. थोड्या वेळानं थर इतका ठिसूळ होतो की हातोडीच्या हलक्या टोल्यांनी तडकून चकत्यांनी सुटतो. खाली पत्रा स्वच्छ. मग जस्ताचा मुलामा घासून काढायचा, कारण जस्त जळालं की निघणारा पांढरा धूर छातीत गेल्यावर त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डर लोक हा ताप ओळखून असतात.

मग नळी वाकवणं. नळी वाकताना बाहेरच्या बाजूची भिंत ताणून पातळ होते, आतली दाटते, आणि गोल नळी अंडाकृती व्हायला बघते. तसं झालं की तिचा तो साडेआठ पटीचा गुण वळणापाशी हरवतो. म्हणून नळी थंडच वाकवायची, वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी नको, आणि वाकल्यावर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या नऊ दशांशाहून कमी भरता कामा नये. घराच्या फाटकासाठी पाइप वाकवतात तसं यंत्र इथं चालत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुती पडली की ती नळी भंगारात टाकायची.

पोलाद कुठलं निवडायचं यातही एक विचार आहे. सगळ्यात कडक पोलाद घ्यावं असं वाटतं, पण नियमात साधं, कमी कार्बनचं, जोडाशिवाय थंड ओढून काढलेलं पोलाद आहे. ताण सोसण्याची किमान क्षमता ३५० मेगापास्कल. त्याची खुबी अशी की ते तुटायच्या आधी भरपूर वाकतं. कोलांटी खाणाऱ्या गाडीची ऊर्जा कुठंतरी जिरायला हवी, आणि हळूहळू वाकणारं पोलाद ती गिळतं. क्रोम-मॉलिब्डेनमचं मिश्रपोलाद जास्त ताकदीचं असतं, अनेक शर्यतींत चालतं, पण त्याचा जोड नीट झाला नाही तर जोडाच्या शेजारचा पट्टा ठिसूळ होतो. साधं पोलाद साध्या हातांच्या चुका जास्त माफ करतं. आणि माफीची गरज सगळ्यात जास्त कुठं असते? जोडांपाशी.

दोन गोल नळ्या काटकोनात भिडवायच्या तर एकीच्या टोकाला दुसरीच्या गोलाईची खाच कापावी लागते. खाच इतकी नेमकी हवी की नळी टेकवल्यावर मध्ये नख जाऊ नये. फट राहिली की वेल्डिंगचा धातू ती फट बुजवण्यातच खर्च होतो. कोन काटकोनाऐवजी तिरका असेल तर खाचही तिरकी आणि लांबट. केजमध्ये तर बहुतेक कोन तिरकेच. कारागीर कापतो, लावून बघतो, ग्राइंडरनं केसभर घासतो, पुन्हा लावून बघतो. एकेका कर्णावर अशी अर्धी दुपार जाते.

आणि आता माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वात सुंदर युक्ती. केज छपराला जितका चिकटून असेल तितका चांगला. डोक्यापासून दूर राहतो आणि जागा वाचते. पण नळी छपराला चिकटली की तिच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च जाणार कशी? जोड सगळ्या बाजूंनी, पूर्ण गोल, भरायचा असतो. नुसता खालून आणि बाजूनं भरलेला जोड दिसायला छान दिसतो, पण वरच्या बाजूला तो उघडाच असतो, आणि छपरामागे असल्यानं कुणाला दिसतही नाही. बंद छपराच्या गाडीत कसलेले कारागीर काय करतात? कमानीचे पाय जिथं येणार तिथं गाडीच्या तळाला भोकं पाडतात. सगळा सांगाडा गाडीच्या आत हलके टाके मारून उभा करायचा आणि मग तो अख्खा त्या भोकांतून खाली सोडायचा. पाय जमिनीच्या दिशेनं लोंबतात, माथा छपरापासून बराच खाली येतो, आणि वर टॉर्च फिरवायला मोकळी जागा मिळते. माथ्यावरचे सगळे जोड पूर्ण गोल भरून झाले की सांगाडा पुन्हा वर उचलायचा, भोकांवर पोलादी चौथरे बसवायचे आणि पाय त्यांवर कायमचे जोडायचे. काही जण सुरुवातीपासूनच चौथऱ्यांच्या उंचीची सोय ठेवतात: आधी चौथऱ्यांशिवाय बसवून वरचे जोड भरायचे, मग उचलून खाली चौथरे सारायचे. मियाटाला पत्र्याचं छप्पर नसल्यानं तिथं ही अडचण उरत नाही, कारागिराला आकाशातून हात घालता येतो.

मियाटाची अडचण वेगळीच: उंची. या गाडीत माणूस खाली बसतो, कमान सीटच्या मागच्या अरुंद जागेत येते, आणि तिला कापडी छपराच्या खालीही मावायचं असतं. उंच चालकाचं डोकं कमानीच्या वर निघालं तर सगळा खर्च पाण्यात. याची परीक्षा घ्यायला कुठलंही यंत्र लागत नाही. चालकानं हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसायचं. मग एक सरळ काठी, अमेरिकेत चक्क झाडूचा दांडा, मागच्या कमानीच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या चौकटीच्या किंवा पुढच्या कमानीच्या माथ्यापर्यंत ठेवायची. हेल्मेट काठीला लागता कामा नये. बऱ्याच क्लबांत ते दोन इंच खाली असावं लागतं. लागलं तर सीट खाली घ्या, सीटचा तळच कापून बसवा, किंवा उंच कमान करा. तपासनीसांपुढे युक्तिवाद चालत नाही, काठी बोलते.

इथपर्यंत केज म्हणजे निव्वळ फायदा वाटेल. पण केज फक्त जागा राखतो. त्या जागेतल्या माणसाला तो धरत नाही. ते काम सीटचं, पट्ट्यांचं आणि हेल्मेटचं.

रस्त्यावरच्या गाडीची सुरक्षा वेगळ्या विचारावर उभी आहे. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५१ मध्ये ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात प्रवाशांची खोली टणक आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा होता. १९५९ च्या मर्सिडीजमध्ये ती प्रत्यक्षात आली. आजची प्रत्येक मोटार त्याच वंशातली. त्यात तीन ठिकाणी बांधलेला पट्टा माणसाला थोडं पुढे जाऊ देतो, एअरबॅग त्याला झेलते, मऊ कडा डोक्याला वाचवतात. माणूस हलणार हे गृहीत धरूनच सगळं बेतलेलं आहे. आणि केज नेमकं त्याच हालचालीच्या वाटेत कडक पोलाद आणून ठेवतो. मागून धडक बसली की साधी सीट मागे झुकते आणि डोकं मुख्य कमानीकडे जातं. बाजूनं धडक बसली की कपाळाशेजारी खांबाची नळी असते. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग छपराच्या कडेतून उघडतात. तिथंच नळी आली की त्या अडतात. नळीवर बसवायचा फोम मिळतो, त्याची प्रमाणपत्रंही असतात, पण तो हेल्मेटच्या टणक कवचासाठी बनवलेला आहे. उघड्या कवटीसाठी तो पुरत नाही.

म्हणून केज आला की सीटही बदलते: अखंड कवचाची, मागे न झुकणारी. सीट बदलली की पट्टे बदलतात: सहा ठिकाणी बांधलेले, खांद्यावरून मागे जवळपास आडवे जाणारे. ते फार खाली उतरले तर धडकेत पाठीचा कणा दाबतात. एफआयएचा नियम ४५ अंशांपलीकडे जाऊ देत नाही आणि दहाच्या आत ठेवायला सांगतो. पट्ट्यांनी धड घट्ट बांधलं की डोकं एकटंच पुढे फेकलं जातं, आणि कवटीच्या बुडाशी घाव होतो. २००१ साली डेटोनाच्या शर्यतीत चालक डेल अर्नहार्ट असेच गेले. त्याच वर्षी अमेरिकेत या शर्यती भरवणाऱ्या नॅसकारनं डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं. ‘हान्स’ नावाचं हे साधन कित्येक वर्षांपूर्वीच रॉबर्ट हबर्ड या जैवयांत्रिकी अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी, त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग यांच्या मदतीनं घडवलं होतं. डाउनिंग स्वतः माझदाच्या गाड्या घेऊन शर्यती धावणारे. एका नळीपासून सुरू झालेला बदल असा मानेपर्यंत येऊन थांबतो.

आणि इतकं करूनही केज अभेद्य नसतो. २००५ मध्ये वेल्सच्या रॅलीत मार्को मार्टिनची पेजो बाजूनं झाडावर आदळली आणि सहचालक मायकल पार्क जागीच गेला. झाडानं दाराच्या बाजूनं थोड्याशा रुंदीत सगळा मार दिला. त्यानंतर दार आणि सीट यांच्यामध्ये ऊर्जा शोषणारा फोम भरण्यावर बरंच काम झालं, आणि वरच्या वर्गातल्या रॅली गाड्यांत तो आज असतो. २०११ मध्ये इटलीतल्या एका रॅलीत रॉबर्ट कुबित्साच्या स्कोडात रस्त्याकडेचा लोखंडी कठडाच भाल्यासारखा शिरला. नळ्यांच्या मधून आला. उजव्या हाताला भयंकर इजा झाली. तरीही हा माणूस २०१९ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये परतला.

दुसरीकडे नॅसकारचा चालक रायन न्यूमनची गोष्ट आहे. २००९ मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर त्याची गाडी उलटली आणि छप्पर दबलं. न्यूमन स्वतः अभियांत्रिकीचा पदवीधर. छपराजवळच्या रचनेबद्दल तो आग्रहानं बोलत राहिला. पुढे नॅसकारनं तिथं जादा नळ्या घातल्या, त्यांना त्याचंच नाव पडलं. २०२० च्या डेटोनात तो अंतिम रेषेच्या जवळ पुन्हा उलटला आणि उलट्या गाडीला मागून येणारी गाडी थेट चालकाच्या बाजूनं धडकली. पाहणाऱ्यांनी आशा सोडली होती. दोन दिवसांनी तो दोन्ही मुलींचे हात धरून दवाखान्यातून चालत बाहेर पडला. आधीच्या अपघातातून शिकून घातलेल्या त्या नळ्या त्याच्याच डोक्यावर होत्या.

आपल्याकडे हा विषय दोन ठिकाणी भेटतो. एक, रॅलीत. भारतीय मोटार क्रीडा क्लबांच्या महासंघाच्या, म्हणजे एफएमएससीआयच्या, राष्ट्रीय रॅलीत केज नसलेली गाडी सुरुवातीच्या रेषेवर जात नाही. नाशिकच्या वाटांवरही अशा गाड्या धावल्या आहेत. दुसरं, रस्त्यावर, जिथं हौस म्हणून केज बसवण्याची इच्छा होते. तिथं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. मला कायद्यापेक्षाही काळजी वाटते ती डोक्याची. मुंबई-पुणे रस्त्यावर कोणी हेल्मेट घालून मोटार चालवत नाही. मग त्या गाडीत डोक्याशेजारी उघडी पोलादी नळी असणं ही सुरक्षा नव्हे.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. गाडी रोजच्या वापराची असेल तर केज बसवू नका. कारखान्यानं दिलेले पट्टे आणि एअरबॅग जपा. गाडी ट्रॅकसाठी किंवा रॅलीसाठी असेल तर अर्धवट थांबू नका: केज, सीट, पट्टे, हेल्मेट, मानेचं साधन, सगळं एकदमच करा आणि गाडी ट्रेलरवरून न्या. कारागिराकडे गेलात की भाव विचारायच्या आधी त्याला विचारा, माथ्यावरचे जोड वरच्या बाजूनं कसे भरणार? त्यानं गाडीखाली बोट दाखवून तळाला भोकं पाडण्याची गोष्ट सुरू केली, तर बसून ऐका. नुसतं “होऊन जाईल” म्हणाला, तर गाडी परत घेऊन या.